डाव्या बाजूची वेणी

आईनं कार्डिगनची उजवी बाजू विणून संपवली आणि पलंगावर पसरली, तेव्हा ते विणकाम कमी आणि झोपलेलं मांजर जास्त वाटत होतं. लोकरच तशी होती. धुक्याच्या रंगाची, लांब केसांची, हात लावला की बोटांना बिलगणारी. अशा लोकरीत वेण्या विणायच्या म्हणजे ढगातून पायवाट काढायची. डोळ्यांना धड काही दिसत नाही. बोट फिरवलं की कळतं, इथे पीळ आहे, इथे सपाट आहे.

"सूनबाईंनी निवडलीय लोकर," आई म्हणाली. "पेपर काढावा तर असा. नापास होणाऱ्यालासुद्धा वाटावं, चला, निदान पेपर तरी भारी होता!"

धाकटी लेक ओट्याशी कप विसळत होती. ती हसली, पण अर्धंच. कारण पेपर खरोखरच होता आणि त्यावर काय पणाला लागलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी आईची जीभ अडखळली. चमच्याला ती कंगवा म्हणाली, धाकटीला थोरल्याच्या नावानं हाक मारली, आणि तासाभरात सगळं जागच्या जागी आलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत कुठेतरी रक्ताची बारीकशी गाठ अडकून सुटली; आता ठीक आहे, पण लक्ष ठेवा. त्या 'लक्ष ठेवा'चा अर्थ प्रत्येकानं आपापल्या परीनं घेतला. धाकटी रोज कामावरून सुटली की आईकडे यायला लागली. थोरला दूरच्या गावी राहायचा, त्यानं आपल्या घरातली खालची खोली रंगवून घेतली.

थोरला वाईट नव्हता हो. आईवर त्याचा जीवच होता, फक्त तो जीव घाईचा होता. "तिसरा मजला, जिना, गॅस, आणि ही एकटी," तो म्हणायचा. "उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" आणि आईला या दोन खोल्यांतून उठायचंच नव्हतं. नवरा इथून गेला, दोन्ही पोरं इथे रांगली, खालची बेकरी पहाटे भट्टी पेटवते तो वास तिला घड्याळासारखा. ती म्हणाली, "तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन रे, राजा. पाहुण्याला मान असतो. कायमच्या माणसाला नुसती खोली असते."

वाद वाढला, तेव्हा तोड आईनंच काढली. सुनेला पुढून उघडा, वेण्यांचा, छापील नमुन्यावरून विणलेला स्वेटर बरेच दिवस हवा होता. "तो मी विणते. कुणाची मदत नाही. नीट झाला तर मी इथेच राहीन आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही जमला तर मुकाट्यानं येईन." थोरला आधी हसला, मग विचार करून म्हणाला, "ठरलं." सुनेनं लोकर आणि नमुना पाठवून दिला. दुष्टाव्यानं नव्हे; तिला ती लोकर गालाला लावून बघितल्यावर सोडवेना, एवढंच.

आईचं विणणं म्हणजे देवाचं नाव घेणंच होतं. टाक्याला एक नाव. ओठ हलायचे, आवाज नाही. वेणीचा पीळ दर आठव्या ओळीला यायचा, ध्रुवपद परत यावं तसा, आणि त्या ओळीला मात्र ती किंचित मोठ्यानं गुणगुणायची. चार टाके छोट्या सुईवर काढून बाजूला धरायचे, पुढचे चार विणायचे, मग धरलेले चार. झाला पीळ. धाकटीनं एकदा विचारलं होतं, "उलट टाक्याला पण नाव घेतेस?" तर आई म्हणाली, "देवाला काय गं, उलट काय नि सुलट काय, दोन्ही त्याचेच टाके."

धाकटी रफू करायची. कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. सिगरेटनं भोक पडलेला कोट, कसरीनं खाल्लेली शाल, दारात अडकून फाटलेली बाही, हे सगळं तिच्याकडे यायचं आणि जाताना फाटलं होतं कुठे ते मालकालाही सापडायचं नाही. काम दिसलं तर ते काम नव्हे, हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की घरीही तीच रीत झाली होती. मागे आईनं दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली, पातेलं कोळसा झालं, तेव्हा धाकटीनं थोरल्याला बेधडक सांगितलं, "दूध मी ठेवलं होतं, दादा." ते खोटं उघडं पडलं, कारण त्या वेळी ती दुकानात होती हे थोरल्याला माहीत होतं. त्यानं तिला एवढंच म्हटलं, "तुझं ना, सगळ्यालाच रफू."

तर उजवी बाजू झाली आणि आईनं डावी घेतली. धाकटीच्या सुट्टीचा दिवस होता. दुपारी जेवण झाल्यावर आई आतल्या खोलीत आडवी झाली, आणि धाकटीनं बाहेरच्या खोलीत डावी बाजू सहज हातात घेतली. केसाळ पृष्ठभागावरून बोट फिरवलं. मग उजवीवरून फिरवलं. मग परत डावीवरून.

तिनं दोन्ही बाजू शेजारी शेजारी पसरल्या.

उजव्या बाजूची वेणी डावीकडे कलत होती. डाव्या बाजूची उजवीकडे. पीळ उलटे पडले होते, एक नव्हे, दोन. तिनं नमुन्याचा कागद उघडला. तिथे स्वच्छ छापलं होतं: डावी बाजू उजवीप्रमाणेच विणावी, फक्त काजं घालू नयेत आणि गळ्याचा उतार उलट घ्यावा. वेणीबद्दल वेगळं अक्षर नाही. म्हणजे तीच वेणी, तोच पीळ.

आईनं विणकामाच्या पुढे धरायचे टाके मागे धरले होते, म्हणून पीळ दुसरीकडे कलला होता. दोन्ही वेळा. आणि तिला कळलंही नव्हतं.

सून येऊन ही लोकर गालाला लावणार, आणि मग बोटं फिरवणार. सुनेला विणकाम येत नसलं तरी थोरला कागद घेऊन बसणारा माणूस. तो ओळ न् ओळ ताडून बघेल. धाकटीला ती रंगवलेली खोली दिसली. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आई, आणि ओठ न हलणारे.

उसवून टाकावं आणि नीट विणून ठेवावं. कुणाला कळायचंही नाही.

पण ही लोकर उसवणं म्हणजे सोपं काम नाही. साधी लोकर धागा ओढला की सरसर सुटते. हिचे केस एकमेकांत गुंतून बसतात, ओढावं तर तुटतात. विणणाऱ्या बायकांची एक युक्ती असते. धाकटीनं विणकाम पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गारठल्यावर केस थोडे ढिले पडतात. तेवढा वेळ ती फ्रिजसमोर पहाऱ्याला उभी राहिली, जणू आत कुणाला कोंडलंय. मग खिडकीत बसून, एकेक टाका चिमटीनं सोडवत तिनं पहिल्या पिळाखालपर्यंत उसवलं, आणि त्याच धाग्यानं परत विणत वर आली. पीळ पुढे धरून घातले, कागदात होते तसे. आईनं कागदावर पेन्सिलीनं खूण केली होती त्याच ओळीवर आणून सुया थांबवल्या. विणकाम होतं तसं टोपलीत ठेवलं, वरचा रुमालही तसाच अर्धा दुमडून.

आई उठली तेव्हा चहा तयार होता.

"आज भारी शांत आहेस," आई म्हणाली.

"दमले थोडी."

"सुट्टीच्या दिवशी दमणारी तू पहिलीच."

त्यानंतर आई बदलत गेली. आधी धाकटीच्या लक्षात आलं नाही. विणकाम वाढत नव्हतं. टोपली होती तिथेच, पण आईला सर्दी झाली असेल म्हणून तिनं सोडून दिलं. मग एका संध्याकाळी आईनं विचारलं, "काल रात्री मी जेवले होते ना गं?"

"हो की. मीच वाढलं."

"हं." थोड्या वेळानं: "आणि परवा?"

दुसऱ्या दिवशी आई तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आली. खाली शिवणकाम करणारी शेजारीण जिन्यात भेटली, म्हणाली, "आई बऱ्या आहेत ना? सकाळी येऊन विचारत होत्या, गेल्या आठवड्यात मी तुझ्याकडे आले होते का, काही विचित्र बोलले का. मी म्हटलं, बाई, तुम्ही विचित्र बोलत नाही म्हणूनच तर मला कंटाळा येतो." शेजारीण हसली. धाकटी हसून वर आली आणि दारात थबकली.

आई खिडकीशी बसली होती. विणकाम मांडीवर होतं. सुया हलत नव्हत्या, ओठही नाहीत.

"थोरल्याला फोन लाव," आई म्हणाली. "म्हणावं, मी येते."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्याच्याकडे. कायमची."

"आई, पण स्वेटर..."

"राहू दे स्वेटर. मी हरले म्हण त्याला."

धाकटीनं फोन लावला नाही. तेव्हा आईनं स्वतःच लावला. पलीकडून थोरल्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आधी त्याचा विश्वास बसेना, मग तो इतका मोकळा झाला की बोलता बोलता रडला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. घरमालकाशी मीच बोलतो, तू कशाची काळजी करू नकोस. आईनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिनं धाकटीला जवळ बसवलं.

"हात दे." तिनं धाकटीचं बोट धरून डाव्या बाजूवर टेकवलं. "इथे बघ. खालची किनार कशी लागते?"

"मऊ."

"आणि इथे?"

धाकटीनं बोट मागे घेतलं.

"टक्कल पडलंय," आई म्हणाली. "ही लोकर एकदा विणून उसवली की तिचे केस झडतात. म्हणजे एवढा तुकडा कुणीतरी उसवून परत विणलाय. या घरात विणणारी कोण? मी. तू तर विचारल्याशिवाय माझ्या सुयांना हात लावायची नाहीस. मीच उसवलं, मीच विणलं, आणि मला त्यातलं अक्षर आठवत नाही." तिचा आवाज स्थिर होता, तोच भयंकर वाटत होता. "आणि गंमत ऐक. मी ही वेणी मुद्दाम उलट घातली होती. नमुना लिहिणारीनं दोन्ही बाजू सारख्या लिहिल्यात. वेडी आहे ती. पुढून उघडा स्वेटर. दोन्ही वेण्या एकीकडेच कलल्या तर माणूस तिरकं उभं आहेसं वाटतं. मी म्हटलं, डावीचा पीळ मागे धरून घालू या, म्हणजे बटणं लावली की दोन्ही वेण्या जोडलेल्या हातांसारख्या समोरासमोर येतील. मी तसं विणलं होतं. माझ्या बोटांना आठवतंय. आणि आता बघ, कागदाप्रमाणे आहे. मग मी ते विणलं होतं की नुसतंच मनात आणलं होतं? मीच बदललं, तर का बदललं? पाच दिवस मी स्वतःच्या मागे मागे फिरतेय गं. कपाट उघडते आणि वाटतं, हे मघाशीही उघडलं होतं का."

धाकटीला सांगायचं होतं, पण तिनं सांगितलं नाही. त्या घटकेला तिला आईपेक्षा स्वतःचीच भीती जास्त वाटली, हे खोटं कशाला म्हणायचं? ती पर्स उचलून, "उद्या येते," म्हणून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आपला कोट न्यायला आले. बाहीवरचं भोक शोधत त्यांनी कोट उजेडात धरला, उलटा केला, चष्मा बदलला. "अहो, कुठे होतं ते?" ते आनंदानं ओरडले. "मलाच वाटायला लागलंय, फाटला होता की नव्हता!"

ते गेल्यावर इस्त्रीवाली मावशी वाफेतून म्हणाली, "तुझं काम आणि चोराचं काम एकच की गं. मागे काही ठेवायचं नाही. तो बिचारा घरी जाऊन बायकोला म्हणेल, अगं, मला भास झाला होता."

मावशी आपल्या विनोदावर खो खो हसली. धाकटीनं सुई टोचून ठेवली आणि मालकाला सांगून तशीच निघाली.

आईनं दार उघडलं. जमिनीवर दोन खोकी होती, भांड्यांची बांधाबांध सुरू झाली होती. धाकटी चपलाही न काढता म्हणाली, "आई, ते मी केलं. मी उसवलं. तू झोपली होतीस. तुझा पीळ उलटा पडलाय असं वाटलं मला, म्हणून कागदाप्रमाणे परत विणून ठेवलं."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा मायेनं मऊ झाला, आणि धाकटीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"बये," आई म्हणाली, "दुधाचं पातेलंसुद्धा तूच जाळलं होतंस ना?"

"आई, नाही, हे खरं आहे. देवाशपथ."

"देवाला मध्ये घालू नकोस. माझ्यासाठी तू नरकातही जाशील, मला माहितीये. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलशील तर माझ्याकडे काय उरलं? माझ्या डोक्यावर विश्वास नाही, तुझ्या तोंडावरही नाही."

धाकटी खोक्यावर बसली. आता काय करावं? तिनं आयुष्यभर कामाची खूण मागे ठेवली नव्हती. आज नेमकी तीच हवी होती.

"फ्रिजमध्ये ठेवलं होतं," ती म्हणाली. "बर्फाच्या कप्प्यात."

"ही युक्ती मीच तुला शिकवली."

खाली बेकरीचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग आई एकदम उठली, टोपलीतून लोकरीचा उरलेला गुंडा आणि सुयांची दुसरी जोडी काढून धाकटीच्या मांडीवर टाकली.

"विण."

"काय?"

"वेणी. दोन पीळ. कागदाप्रमाणे. बोलू नकोस."

धाकटी विणायला लागली. चार टाके झाले की हाताला आपली चाल सापडते. रफूवालीचा हात. धागा बोटाभोवती आवळून धरायची सवय, टाका ताणून बसवायची सवय. आई समोर बसून बघत होती. संध्याकाळ खोलीत उतरली, आईनं दिवा लावला, आणि धाकटी विणतच राहिली. दुसरा पीळ पडला तसं आईनं तिच्या हातातून सुया काढून घेतल्या.

ती तुकडा घेऊन खिडकीशी गेली. डाव्या बाजूशेजारी तो ठेवला. आधी डोळ्यांनी, मग डोळे मिटून बोटांनी. तिचा स्वतःचा हात सैल होता. तिच्या टाक्यांत करंगळीचं टोक मावायचं, आणि विणकाम श्वास घेतल्यासारखं लागायचं. या तुकड्यात नख शिरत नव्हतं. टक्कल पडलेल्या त्या पट्ट्यातही नाही. पट्टा सुरू होत होता तिथे कडही दोरा बांधल्यासारखी किंचित आत गेलेली होती.

आईनं तीनदा बोट फिरवलं. चौथ्यांदा फिरवलं आणि तिथेच ठेवलं.

"तुझा हात," ती म्हणाली.

"हो."

"तुझा घट्ट हात." ती खाली बसली. पलंगाच्या कडेवर. तिनं एक मोठा श्वास घेतला, आणि ओठ हलले. त्या वेळी ती कुणाचं नाव घेत होती ते काही विचारायला नको. धाकटी जवळ सरकली. आईनं हात वर करून तिला थांबवलं.

"येऊ नकोस आत्ता."

"आई..."

"मला वाटलं मी चाललेय. कळतंय तुला? मरणाचं काय, ते यायचंच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मी इथे बसलेली असेन आणि आतून कुणीतरी माझ्या नकळत मला बदलत असेल..." तिनं तुकडा मांडीवर ठेवला. "तुला चूक वाटली, तर तोंड दिलंय ना देवानं? 'आई, इथे असं का?' एवढं विचारायला काय जड होतं? मी सांगितलं असतं. जोडलेल्या हातांचं सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. तू मनात ठरवूनच टाकलंस, म्हातारी चुकली. थोरला निदान तोंडावर म्हणतो."

धाकटी रडली. आईनं तिला रडू दिलं, उठली नाही. मग म्हणाली, "नाक पूस. आणि हे उसव. माझ्यासमोर. किनारीपर्यंत."

"लोकर अजून झडेल."

"झडू दे. तो धागा खिशाच्या आत लावीन. वर नव्या गुंड्यानं विणते."

रविवारी थोरला आला तो दोन मोठ्या बॅगा आणि दोरीचं बंडल घेऊन. जिना चढून धापा टाकत, घामेजलेला, आणि हसरा. आईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "मी येत नाही रे."

तो बॅगा खाली ठेवायचंच विसरला.

धाकटीनं सगळं सांगितलं. उसवलं, विणलं, लपवलं, आईला वाटलं स्मृती गेली. थोरल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान. पुढच्या वेळी तिनं घर पेटवलं तरी तू म्हणशील, काडी मी लावली."

"दादा, हे खरंच..."

"तुझं खरं कुठलं आणि रफू कुठलं हे मी कसं ओळखायचं? तूच सांग." तो ओरडला नाही, थकून बोलला. "मी रोज रात्री फोन वाजला की दचकतो. तुम्हा दोघींना वाटतं मला खोली भरायची आहे."

आई म्हणाली, "तिला सोड. माझ्याकडे बघ. ठरलं काय होतं? मी विणायचं. बस आणि बघ. शंका आली तर विचार."

थोरला खुर्ची ओढून बसला. नमुन्याचा कागद त्यानं गुडघ्यावर पसरला. आई खिडकीशी, मांडीवर किनारीच्या वर चार बोटं वाढलेली नवी डावी बाजू. धाकटी पलंगावर. आई विणायला लागली, आणि विणता विणता तिनं मुलाला वेणी समजावली: कागद काय म्हणतो, ती काय करते, का करते. तो प्रश्न विचारत गेला, ती उत्तरं देत गेली, मध्येच त्याच्या लहानपणच्या टोपीची आठवण काढून हसली. "गोंडा तू खाल्लास. खरंच खाल्लास. दोन दिवस आम्ही वाट बघत होतो."

थोरलाही हसला. त्याचे खांदे खाली आले. कागद गुडघ्यावरून घसरला तो त्यानं उचलला नाही.

मग पिळाची ओळ आली. आईनं छोट्या सुईवर चार टाके घेतले, आणि बोलता बोलता सुई पुढे धरली.

धाकटीनं ते पाहिलं. पुढे. उजव्या बाजूची सवय. मागे धरायला हवी होती.

आईनं पीळ घातला, गुणगुणली, ओळ संपवली, विणकाम फिरवलं आणि उलट ओळ सुरू केली. तिला कळलं नव्हतं. थोरला तिच्या हातांकडे बघत हळूच म्हणाला, "जमतंय की गं तुला. मी उगाच..."

गप्प बसावं. त्याचा विश्वास आत्ता कुठे बसतोय. तो गेल्यावर सांगता येईल. दोघी मिळून उसवू, त्याला काही कळणार नाही. नाहीतर तो आत्ताच बॅगा भरेल, आणि या वेळी त्याला चूक कोण म्हणणार? आई अर्ध्या ओळीपर्यंत आली होती. पुढे गेली की प्रत्येक टाक्यागणिक केस गुंतत जाणार.

"आई," धाकटी म्हणाली. "पीळ पुढे धरलास. चुकलाय."

सुया थांबल्या. थोरल्यानं मान वर केली.

आईनं विणकाम उलटवलं, बोट पिळावरून वर नेलं, खाली आणलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला. लपवला नाही तिनं.

"हं," ती म्हणाली. "आहे खरं."

"आई, मी हेच म्हणत होतो," थोरला म्हणाला. आवाजात विजय नव्हता. भीतीच होती, जुनी, परत आलेली.

"नाही रे. तू म्हणत होतास, मला सांगून उपयोग नाही. आत्ता हिनं सांगितलं, मला कळलं." तिनं सुई बाजूला काढली. "आणखीही चुकेन. एखाद्या दिवशी सांगूनही कळणार नाही, तेव्हा ये आणि घेऊन जा, मी भांडायला शिल्लक नसेनच. पण तो दिवस आज नाही. स्वेटर पुरा होऊ दे. ठरलं होतं तसं."

थोरला उठून सज्जात गेला. तिथून त्याचा आवाज आला, घरमालकाशी बोलत होता, दबका, चाचरत. "नाही, अजून पक्कं नाही. नाही, मला माहीत नाही कधी. मीच कळवतो."

"इकडे ये," आई धाकटीला म्हणाली. तिनं अजून तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं त्या दिवसापासून, आत्ताही बघितलं नाही. "मी मागे विणत जाते एकेक टाका. हे मोकळे चार सुटतील. धर. आवळू नकोस, तुझी खोड. फक्त धर."

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि ते चार टाके दोन बोटांच्या चिमटीत धरले. सैल, जमेल तेवढे सैल. आई अगदी सावकाश, केस सोडवत सोडवत उलटी चालली होती. लोकरीचा एक केस उडून धाकटीच्या नाकात गेला. शिंक आली. ती श्वास रोखून तशीच बसून राहिली.